'कोआला अस्वल' की नुसता कोआला?

प्रश्न असा आला आहे : मुलीने शाळेच्या तक्त्यावर 'कोआला अस्वल' लिहिलं, बाईंनी 'अस्वल' खोडलं. पण आपण 'खवले मांजर' म्हणतोच की, तेही कुठे मांजर असतं? मग हे का चुकलं?

शंका रास्त आहे, पण मी बाईंच्या बाजूने आहे. 'खवले मांजर'मधलं मांजर काढलं तर मागे नुसते खवले उरतात, नाव उरतच नाही. शिवाय ते इथल्या माणसांनी प्राणी डोळ्यांनी पाहून ठेवलेलं नाव आहे. 'कोआला' मात्र आपल्या जागी पुरा शब्द आहे. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या परिसरातल्या धारुग या आदिवासी लोकांचा मूळ शब्द 'गुला'च्या जवळचा. इंग्रजांनी तो 'कूला' असा टिपला, पुढे स्पेलिंगमधल्या दुसऱ्या 'ओ'चा 'ए' झाला आणि दोन अक्षरांची तीन झाली. 'अस्वल' ही गोऱ्या वसाहतवाल्यांनी रूपावरून केलेली भर. ती इंग्रजीतून उचलून आपण कशाला मिरवायची?

शास्त्रज्ञही फसलेच. 1816 साली ठेवलेल्या 'फॅस्कोलार्क्टोस' या नावाचा ग्रीक अर्थ 'पिशवीवालं अस्वल'. पिशवी खरी, अस्वल खोटं. कोआलाचा आज हयात असलेला सगळ्यात जवळचा नातलग म्हणजे वॉम्बॅट. कोआलाचं पिल्लू जन्मतं तेव्हा जेमतेम 2 सेंटिमीटरचं असतं आणि पुढचे सहाएक महिने आईच्या पिशवीत वाढतं. अस्वलाला पिशवीच नसते.

याच्या उलट घोटाळा आपल्या अस्वलाच्या वाट्याला आला, आणि तो मला फार मोलाचा वाटतो. मेळघाटात, ताडोब्यात दिसणाऱ्या अस्वलाची लांब नखं पाहून जॉर्ज शॉ या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने 1791 मध्ये त्याला दक्षिण अमेरिकेतल्या स्लॉथच्या, म्हणजे झाडाला लटकून राहणाऱ्या एका संथ प्राण्याच्या, गटात घातलं. 'स्लॉथ बेअर' हे इंग्रजी नाव त्याचीच खूण. म्हणजे खऱ्या अस्वलाला स्लॉथ ठरवलं आणि जे अस्वल नव्हतं त्याला अस्वल! इंग्रजीत 'स्लॉथ' म्हणजे आळसही, पण इथे तो प्राणी अभिप्रेत आहे; 'स्लॉथ बेअर'चं 'आळशी अस्वल' असं भाषांतर दिसलं की म्हणूनच वाईट वाटतं. मराठीत ते साधं अस्वल आहे.

तक्त्यावर गट लिहायचा असेल तर 'शिशुधानी असलेला सस्तन प्राणी' लिहा. 'धानी' म्हणजे ठेवण्याची जागा, 'राजधानी'तली तीच. अत्तरदाणी, फुलदाणी यांतली 'दाणी' फारसी 'दान'वरून आली, आणि तो 'दान' संस्कृत 'धान'चा सख्खा भाऊ. मुलांना हे जरूर सांगावं.

'कोआला म्हणजे पाणी न पिणारा' हे वाक्य मात्र लिहू नका. निलगिरीच्या पानांतून त्याला बरंचसं पाणी मिळतं हे खरं, पण पाऊस पडत असताना खोडावरून ओघळणारं पाणी तो चाटून पितो.

राहिलं रूप. मी 'काका', 'मामा'सारखं चालवतो : एक कोआला, दोन कोआला, कोआलाने, कोआलाची. 'कोआले' आणि 'कोआल्याने' कानाला खटकतात.