हवा काढली की वीज धावते कशी?

प्रश्न : स्वयंपाकघरातली जुनी ट्यूब थंडीत फडफडायला लागली म्हणून नातवाला दाखवली. तो म्हणाला, "आजी, ट्यूबमधली हवा काढलेली असते ना? मग वीज जाते कशातून? आणि बाहेर एवढी हवा असून बोर्डातली वीज उडी मारून आपल्याला का लागत नाही?" मला सांगता आलं नाही.
— एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : ताई, नातवाला माझी शाबासकी सांगा. गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात मी २८ वर्षं फिजिक्सचा प्रयोगशाळा सहायक होतो. हाच प्रश्न दरवर्षी जानेवारीत खिडक्यांना काळा कागद लावून मुलांना डोळ्यांनी दाखवायचो.

हातभर लांब काचेची नळी, दोन्ही टोकांना धातूच्या चकत्या, त्यांना इंडक्शन कॉइल, म्हणजे हजारो व्होल्टचा दाब देणारं वेटोळं, जोडलेली. पंप बंद असेल तर नळीत काहीच होत नाही. पंप चालू केला आणि दाब पाऱ्याच्या १० मिलिमीटरपर्यंत (बाहेरच्या हवेचा असतो ७६०) उतरला की जांभळट दोरे वळवळायला लागतात. आणखी उतरला की दोऱ्यांचा एक सलग गुलाबी पट्टा होतो. पुढे ऋण टोकाजवळ एक काळी जागा दिसते आणि वाढत जाते. दाब ०.०१ मिलिमीटरच्या आसपास आला की नळीत अंधार. मुलं ओरडायची, "गेली!" मी म्हणायचो, काचेकडे बघा. काच स्वतःच हिरवट चमकत असायची.

आता कारण. हवेत थोडे सुटे इलेक्ट्रॉन कायम असतात. वीज त्यांना ओढते, पण नेहमीच्या हवेत ते मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतकेही पुढे जात नाहीत, तोच कुठल्या तरी रेणूवर आदळतात. बुधवारच्या बाजारात गोदाघाटावर धावून बघा, तसंच. वेगच येत नाही. हवा विरळ केली की धाव लांबते, धडकेत जोर येतो आणि रेणूतला इलेक्ट्रॉन उडतो. एकाचे दोन, दोनाचे चार. जॉन टाउनसेंड यांनी १९०० च्या सुमारास या वाढीचा हिशेब मांडला. मात्र हवा फारच कमी केली तर धडकायला कुणी उरत नाही, म्हणून तो अंधार. साध्या हवेत १ मिलिमीटर अंतर तोडायला सुमारे ३००० व्होल्ट लागतात. घरात असतात २३०. म्हणून बोर्डातली वीज उडी मारत नाही.

हे सगळं कळायला एवढा काळ लागला तो पंपामुळे, असं माझं ठाम मत आहे. फ्रान्सिस हॉक्सबी यांनी १७०५ च्या सुमारास लंडनमध्ये हवा काढलेला काचेचा गोळा फिरवून, हाताने घासून उजेड पाडला होता. पण खरी वाट मोकळी केली ती जर्मनीतल्या बॉनच्या हाइनरिख गाइसलर या काच फुंकणाऱ्या कारागिराने. दट्ट्यांचे पंप गळायचे, त्याने १८५० च्या दशकात पाऱ्याचा पंप केला. त्याच्याच नळ्या घेऊन बॉनचेच शास्त्रज्ञ प्लूकर यांनी चुंबकाने तो उजेड हलवून दाखवला.

काच हिरवट चमकते ती ऋण टोकातून निघणाऱ्या किरणांमुळे. १८८३ मध्ये हर्ट्झसारख्या मोठ्या जर्मन शास्त्रज्ञाने हे किरण विजेला जोडलेल्या धातूच्या पट्ट्यांनी वाकवायचा प्रयत्न केला, ते वाकले नाहीत. केंब्रिजमध्ये जे. जे. थॉमसन यांचाही प्रयोग आधी फसला. नळीत उरलेला वायू विद्युतभारित होऊन पट्ट्यांचा परिणाम झाकत होता. त्यांनी हवा आणखी काढली आणि किरण वाकले, म्हणजे ते विद्युतभारित कणच होते. १८९७ मधला इलेक्ट्रॉनचा शोध त्यातूनच पुढे आला. त्यांच्या नळ्या एबेनेझर एव्हरेट हे सहायक फुंकायचे. वर्गात थॉमसन यांचं नाव सांगतात, एव्हरेट यांचं राहून जातं, ते मला आजही खटकतं.

कारण ते काम काय असतं, हे मी हाताने केलंय. एका वर्षी तोटीला ग्रीस कमी पडलं. सगळं काळं झालं होतं, मुलं काचेकडे बघत होती, आणि दहा मिनिटांत गुलाबी रंग हळूच परत आला. म्हणजे कुठून तरी हवा शिरत होती. तास तिथेच थांबवावा लागला. पुढच्या आठवड्यात तोटी पुसून, नवं ग्रीस लावून तोच प्रयोग पुन्हा केला.

राहिली तुमची ट्यूब. तीत हवेऐवजी आर्गॉन असतो, बाहेरच्या दाबाच्या साधारण ३०० व्या भागाएवढा, आणि थोडा पारा. थंडीत पाऱ्याची वाफ कमी होते, म्हणून ती फडफडते. आधी स्टार्टर बदलून बघा. टोकं काळी पडली असतील तर मात्र ट्यूबच बदला, आणि जुनी फोडू नका. पारा घरात पसरतो.