गावातला राज्यमार्ग कुठे गेला?

प्रश्न : आमच्या बाजारपेठेतून पूर्वी छोटा राज्यमार्ग जात होता. आता फलकावर क्रमांक नाही. तो कधी आणि का रद्द झाला, हे कसं शोधायचं?

उत्तर : आधी जुना किलोमीटरचा दगड शोधा. वरचा नवा रंग खरवडून खालचा जुना पाहा : हिरवा असेल तर राज्यमार्ग, पिवळा तर राष्ट्रीय. त्यावरचा किलोमीटर क्रमांक मार्गाच्या सुरुवातीपासून मोजलेला असतो, गावापासून नव्हे. इथेच बहुतेक जण फसतात.

मग राजपत्र, म्हणजे सरकारी गॅझेट. मार्ग जाहीर होतो तो 1955 च्या महामार्ग अधिनियमाच्या कलम 3 खालील अधिसूचनेने. जुन्या अधिसूचनांत कायद्याचं नाव ‘मुंबई’, नंतर ‘महाराष्ट्र’. दोन्ही नावांनी शोधा. सार्वजनिक बांधकाम विभागाकडून 1981-2001 आणि 2001-2021 च्या रस्ते विकास योजनांच्या याद्या मागवा. एकीत क्रमांक असून दुसरीत नसेल, तर त्यामधल्या वर्षांचीच राजपत्रं चाळायची.

कारणं साधारण तीन : वळणरस्ता (बायपास) झाला, राष्ट्रीय महामार्गात समावेश झाला, किंवा रस्ता नगरपालिकेकडे गेला. शेवटचं असेल तर 2017 नक्की तपासा. महामार्गालगतच्या दारूविक्रीवर सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातल्यावर अनेक राज्यांत गावातले तुकडे महामार्गांतून वगळले गेले.

दगड मात्र उखडू देऊ नका. पुरावा म्हणून जागेसकट त्याचा फोटो काढून ठेवा.