चौसष्ट अँटेना आणि लाखातलं एक पॅकेट

प्रश्न : आमच्या गोदामात माल वाहणाऱ्या विनाचालक गाड्या आहेत आणि त्यांची देखभाल माझ्याकडे आहे. बिनतारी नेटवर्कचा वेग मोजला तर उत्तम येतो. तरीही दिवसातून दोन-तीनदा एखादी गाडी थबकते आणि लॉगमध्ये ‘संपर्क तुटला’ एवढंच दिसतं. आता ६४ अँटेनांचं बेस स्टेशन बसवा, असा सल्ला मिळालाय. जास्त अँटेना म्हणजे जास्त वेग, असं मी ऐकत आले. वेग आम्हाला नकोच आहे, मग यांचा उपयोग काय? आणि गाडी ठरावीक जागीच का अडते?

उत्तर : तुमच्या शेवटच्या वाक्यातच सगळं आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका कारखान्यात सिग्नल मोजत होते. ट्रॉलीवर अँटेना, शेजारी सिग्नलची ताकद पडद्यावर दाखवणारा स्पेक्ट्रम ॲनालायझर. पडद्यावरची रेषा छान वर होती. केबलला पीळ पडला म्हणून ट्रॉली जेमतेम दोन बोटं सरकवली आणि रेषा पार तळाला गेली. मागे घेतली, पुन्हा वर. बेस स्टेशन यंत्रांच्या रांगेपलीकडे होतं, पण ते आधीही तिथेच होतं. दोन बोटं पुढे, दोन बोटं मागे, असं मी बराच वेळ करत राहिले. पुस्तकात वाचलेलं फेडिंग, म्हणजे सिग्नलचं असं जागोजागी चढणं-पडणं, मला त्या दिवशी खरं कळलं.

लहरी थेट येतात तशा रॅकवर, पत्र्यावर, यंत्रांवर आपटूनही येतात. कुठे त्या एकमेकींना जोर देतात, कुठे एकमेकींना खोडून टाकतात. ३.५ गिगाहर्ट्‌झला तरंगलांबी सुमारे ८.६ सेंटिमीटर असते, त्यामुळे चांगली जागा आणि सिग्नलचा खड्डा शेजारी-शेजारीच असतात. चालत्या माणसाच्या हातातला फोन असा खड्डा कधी ओलांडतो ते कळतही नाही. तुमची गाडी मात्र माल चढवायला नेमकी खड्ड्यात उभी राहिली, तर तिथेच अडकते. वेगाची चाचणी सरासरी दाखवते. सरासरीत हे खड्डे दिसत नाहीत.

फाइव्ह-जीसाठी अतिविश्वासार्ह, अल्पविलंबी संपर्काचा जो निकष ठरलाय, तो असा : ३२ बाइटचं पॅकेट १ मिलिसेकंदात पोचायला हवं, तेही ९९.९९९ टक्के वेळा. म्हणजे लाखात एखादंच चुकलं तर चालेल. हुकलेलं पॅकेट लगेच पुन्हा पाठवलं तर? माणसाच्या चालीने जाणारी गाडी १ मिलिसेकंदात दीड मिलिमीटरही सरकत नाही. दुसरं पॅकेटही त्याच खड्ड्यात पडणार.

आता हिशेब बघा. थेट लहर नाही, सगळ्या आपटूनच येताहेत असं धरलं, तर एका अँटेनाने हा निकष गाठायला सरासरी सिग्नल गरजेपेक्षा १ लाख पट ठेवावा लागतो. ते कुणालाच परवडणारं नाही. ६४ अँटेना असल्या आणि प्रत्येकीचं नशीब वेगळं असलं, तर तोच निकष सरासरी दुपटीहून कमी ठेवूनही गाठता येतो. एक खड्ड्यात असली तरी बाकीच्या वर असतात. सगळ्या एकाच वेळी बुडण्याची शक्यता जवळजवळ उरत नाही. एकूण ताकदीतला चढउतार अँटेनांच्या संख्येच्या वर्गमुळाने घटतो, म्हणजे ६४ ला तो आठव्या हिश्शावर येतो. याला आम्ही चॅनल हार्डनिंग म्हणतो. बेल लॅब्जच्या थॉमस मार्झेटा यांनी २०१० मध्ये अशा प्रचंड अँटेना-संचांची कल्पना मांडली, तेव्हा रोख एकूण क्षमतेवर होता. मला मात्र तिच्यातला हा भरवशाचा भाग कायम जास्त मोलाचा वाटत आलाय, आणि तुम्हाला हवाय तोही नेमका हाच.

पण सल्ला देणाऱ्याने दोन गोष्टी सांगितल्यात का, ते पाहा. कोणत्या अँटेनाने कोणत्या लयीत बोलायचं, हे ठरवण्यासाठी बेस स्टेशनला गाडीकडून आलेले पायलट संकेत, म्हणजे आधीच ठरलेले ओळखीचे संकेत, ऐकावे लागतात, आणि ते ताजे असावे लागतात. शेजारच्या बेस स्टेशनखाली दुसरी गाडी तोच पायलट वापरत असेल तर माहितीच गढूळ होते.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. ३.५ गिगाहर्ट्‌झला अर्ध्या तरंगलांबीच्या अंतराने लावलेल्या ६४ अँटेनांचा चौकोन जेमतेम ३५ सेंटिमीटरचा होतो. मध्ये मालाने भरलेला उंच लोखंडी रॅक आला, तर चौसष्टच्या चौसष्ट एकदम आंधळ्या. ही सावली आहे, फेडिंग नव्हे, आणि एका जागी कितीही अँटेना रचल्या तरी ती हटत नाही. तिथे त्याच अँटेना छतभर विखरून लावायच्या आणि एकाच मेंदूला जोडायच्या. सेल-फ्री नावाने आज जे संशोधन चाललंय ते हेच.

म्हणून खरेदीआधी एक करा. गाडी अडली की तिला हातानेच दोन-दोन बोटं सरकवत सिग्नल बघा. चार-पाच सरकवण्यांत रेषा वर-खाली नाचली तर फेडिंग आहे आणि ६४ अँटेना कामाला येतील. हातभर सरकूनही रेषा तळालाच राहिली तर सावली आहे. मग एकच मोठं पॅनेल घेऊ नका. आणि गाडी उभी असताना नव्हे, तर धावताना अडत असेल, तर आधी एका ॲक्सेस पॉइंटवरून दुसऱ्यावर जाताना किती वेळ जातो ते तपासा.

प्रश्न : अँटेना वाढवत नेल्या तर विलंब शून्यावर येईल का?

उत्तर : नाही. पॅकेट पहिल्याच खेपेला पोचतं, म्हणून पुन्हा पाठवण्याचा वेळ वाचतो, तेवढाच अँटेनांचा हातभार. स्लॉटची, म्हणजे पाठवण्यासाठी आखून दिलेल्या वेळेच्या तुकड्याची, लांबी वेगळीच ठरते : फाइव्ह-जीत शेजारच्या उपवाहक लहरींमध्ये ३० किलोहर्ट्‌झ अंतर ठेवलं तर ती अर्धा मिलिसेकंद असते, म्हणून घाईच्या पॅकेटांसाठी स्लॉटचे छोटे तुकडे वापरतात. पुढे फायबरमध्ये प्रकाश १ मिलिसेकंदात साधारण २०० किलोमीटर जातो. गाडीला आज्ञा देणारा सर्व्हर हजार किलोमीटरवर असेल, तर नुसत्या जाण्या-येण्यातच १० मिलिसेकंद गेले. तो सर्व्हर आधी त्याच इमारतीत आणा.