नेटवर्क सुरक्षेत संशोधन करायचंय ना?

टूल्स काय, घरबसल्याही शिकता येतात. विद्यापीठात मिळतं ते गजबजलेलं नेटवर्क आणि चुका काढणारी माणसं. त्यांचा फायदा उठव. कर्बेरॉस ही ओळख पटवायची पद्धत एमआयटी या अमेरिकन विद्यापीठाच्या कॅम्पससाठीच बनली होती: पासवर्ड नेटवर्कवरून न पाठवता, मुदतीच्या तिकिटावर ओळख पटवायची. लॅबमध्ये वायरशार्क (नेटवर्कवरून जाणारा डेटा दाखवणारं टूल) लावून ती तिकिटं येता-जाता एकदा बघच, पुस्तकातली आकृती आपोआप कळेल. मात्र लेखी परवानगीशिवाय कॅम्पसचं नेटवर्क स्कॅन करू नकोस. १९८८चा मॉरिस वर्म, म्हणजे नेटवर्कवर आपोआप पसरणारा प्रोग्रॅम, हा विद्यार्थ्याचाच उद्योग. प्रकरण कोर्टात गेलं. आणि लॉगमधले (नेटवर्कच्या नोंदींमधले) रोल नंबर हॅश केले, म्हणजे थेट उलगडता न येणाऱ्या सांकेतिक रूपात बदलले, की ओळख लपली, असं समजू नकोस. मोजकेच नंबर असतात, सगळ्यांचे हॅश काढून जुळवायला साधा लॅपटॉप पुरतो. गुप्त किल्ली घालून हॅश कर, किल्ली डेटापासून वेगळी ठेव.