इलेक्ट्रिक गाडीचा बाहेर येणारा ‘गुंऽऽ’ आवाज बंद करावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नवी इलेक्ट्रिक कार घेतलीत, सोसायटीच्या आवारात हळू चालवताना ती बाहेरच्या बाजूला गुंऽऽ असा आवाज करते, तळमजल्यावरच्या लोकांनी कुरकुर केली, आणि ओळखीचा मेकॅनिक म्हणतो, ‘पुढच्या बंपरमागच्या स्पीकरची पिन काढतो, दोन मिनिटांचं काम आहे.’ काढून घ्यावी का?

नका काढून घेऊ. मी हे उत्तर मोबाइलवर बोलून लिहितोय, कारण मला दिसत नाही. विशी गाठायच्या आत दृष्टी गेली. आता पन्नाशीला आलोय, पुण्यात बँकेत नोकरी करतो आणि पांढरी काठी घेऊन एकटा येतो-जातो. तुमच्या गाडीचा तो आवाज माझ्यासाठीच ठेवलेला आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

तुम्ही रस्ता ओलांडताना उजवीकडे-डावीकडे बघता, मी ऐकतो. पण नुसतं ‘काहीतरी वाजलं’ एवढ्यावर माझं भागत नाही. गाडी कुठल्या अंगाला आहे, माझ्याकडे येतेय की लांब चाललीय, उभी असली तर निघायच्या बेतात आहे का, हे सगळं मला कानानं कळावं लागतं. पेट्रोल-डिझेलच्या गाड्या हे आपसूक सांगतात. डिझेलची टकटक, सीएनजी रिक्षाची फटफट, क्लच सोडताना इंजिनाचा जरासा दबणारा दम, रिव्हर्स टाकल्यावर येणारा गिअरचा कण्हल्यासारखा सूर. तीस वर्षांत ही भाषा माझ्या इतकी अंगवळणी पडलीय की शेजारी उभी असलेली गाडी आता निघणार, हे मला चाक हलायच्या आधी कळतं.

इलेक्ट्रिक मोटर यातलं काहीच बोलत नाही. गाडी वेगात असली तर अडचण नसते, कारण ताशी तीसेक किलोमीटरच्या पुढे टायर आणि वारा यांचाच आवाज इंजिनापेक्षा मोठा होतो. प्रश्न आहे तो त्याखालच्या वेगाचा. म्हणजे नेमका सोसायटीतला, पार्किंगमधला, शाळेच्या गल्लीतला, दवाखान्याच्या फाटकातला वेग. जिथे माणसं चालतात, तिथलाच.

दोन वर्षांपूर्वी माझ्या स्वतःच्या इमारतीखाली हे घडलं. सकाळी कामाला निघालो होतो. फोन वाजला म्हणून पार्किंगच्या वाटेत थांबलो आणि खिशात हात घातला. शेजारच्या विंगमधले एक गृहस्थ नवी गाडी मागे घेत होते. त्यांनी आरशात मला पाहिलं होतं. मी थांबलो हेही पाहिलं होतं. त्यांचा समज झाला की गाडी ऐकूनच मी थांबलोय. मी फोन कापला आणि पाऊल पुढे टाकलं. आधी काठी मोडल्याचा आवाज आला, मग डाव्या पावलावर चाक. दोन बोटं मोडली, सहा आठवडे पाय प्लॅस्टरमध्ये होता. ते गृहस्थ भले आहेत, दवाखान्यात माझ्या उशाशी बसून होते. ‘अहो, मला वाटलं तुम्हाला कळलं,’ एवढंच पुन्हापुन्हा म्हणत राहिले. त्यांची गाडी वाजत नाही हे त्यांनाही कधी जाणवलं नव्हतं, कारण चालवणारा काचेच्या आत असतो.

‘हॉर्न आहे की,’ असं तुमच्या प्रश्नाखाली कुणीतरी लिहिलंय. हॉर्न चालवणाऱ्याच्या हातात असतो आणि समोरचा दिसला तरच वाजतो. शिवाय तो पाहूनही वाजवला नाही तर काय होतं ते वर सांगितलं. हा आवाज कुणाच्या लक्षात येण्यावर अवलंबून नाही. तुम्ही मला पाहिलेलं नसतानाही तो मला तुमच्याबद्दल सांगतो, आणि त्याचं सगळं मोल तिथेच आहे.

आता तो आवाज असा विचित्र, ना इंजिनासारखा ना संगीतासारखा, का असतो? आपल्याला दोन कान आहेत. जाड, खालच्या पट्टीचा आवाज एका कानाला किंचित आधी आणि दुसऱ्याला किंचित नंतर पोचतो, त्यावरून दिशा कळते. बारीक, वरच्या पट्टीच्या आवाजाला डोक्याची आड होते, म्हणून तो पलीकडच्या कानाला कमी ऐकू येतो, त्यावरूनही दिशा कळते. आवाजात दोन्ही मिसळलेले असले, थोडी सळसळ असली, की कान झटकन बोट दाखवतो. एकाच सुरातली टीं-टीं मात्र फसवते, विशेषतः खांब आणि भिंती असलेल्या पार्किंगमध्ये. एके काळी आपल्याकडे गाडी रिव्हर्स घेताना गाण्याची धून वाजायची, आठवतं? तिसऱ्या मजल्यावरून तक्रार यायची, आणि खाली उभ्या असलेल्या मला काही केल्या कळायचं नाही की गाडी नक्की कुठल्या खांबामागून येतेय. नुसता मोठा आवाज आणि उपयोगी आवाज यांत हा फरक आहे.

म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या 138 क्रमांकाच्या वाहन-नियमात आवाजाची पातळी आणि घडण दोन्ही ठरवून दिली आहेत. गाडीच्या मध्यरेषेपासून दोन मीटरवर मोजल्यावर ताशी 10 किलोमीटरला किमान 50 डेसिबल, 20 ला 56, मागे घेताना 47, आणि काही झालं तरी 75 च्या वर नाही. दोन माणसं जिन्यात साध्या आवाजात बोलतात ते साठच्या आसपास असतं. वेग वाढला की सूरही चढला पाहिजे: ताशी 5 ते 20 या टप्प्यात दर किलोमीटरला सरासरी किमान 0.8 टक्के. म्हणजे वेग 15 किलोमीटरनं वाढला की निदान 12 टक्के. पेटीवर बोट ठेवून सांगायचं तर जवळजवळ सा वरून शुद्ध रे. तेवढ्या चढावरून मला कळतं की गाडी निघाली, की उभी राहायला आली. ज्यांनी कुणी हे ठरवलं, त्यांनी आमच्यासारख्यांच्या कानाचा खरोखर विचार केला, असं मला हा नियम पहिल्यांदा वाचून घेतला तेव्हा वाटलं.

त्याच नियमाच्या पहिल्या आवृत्तीत चालकाला आवाज थांबवायचं बटण ठेवायला परवानगी होती. पुढच्या सुधारणेत ती काढून टाकली. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यात आलंच.

जपानने 2010 मध्ये याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. अमेरिकेत नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड या अंधांच्याच संघटनेने रेटा लावला, जानेवारी 2011 मध्ये कायदा झाला, आणि तो सगळ्या नव्या गाड्यांना पूर्णपणे लागू व्हायला मार्च 2021 उजाडला. तिथे हा आवाज ताशी 30 किलोमीटरच्या वेगापर्यंत लागतो, युरोपात 20 पर्यंत. युरोपात नव्या मॉडेलना जुलै 2019 पासून आणि सगळ्याच नव्या गाड्यांना जुलै 2021 पासून सक्ती आहे. अमेरिकेत 2022 मध्ये एका कंपनीला पावणेसहा लाखांहून जास्त गाड्या परत बोलवून दुरुस्त कराव्या लागल्या, कारण बाहेरच्या स्पीकरवर हवं ते वाजवायची सोय दिल्याने हा सूचनेचा आवाज झाकला जात होता. त्या देशात ही गोष्ट किती मनावर घेतली जाते ते त्यावरून कळेल.

हे उगाच केलेले लाड नाहीत. ब्रिटनमधल्या 2013 ते 2017 च्या अपघातांचा अभ्यास लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनच्या संशोधकांनी केला. तेवढ्याच मैलांच्या प्रवासात इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांनी पादचाऱ्याला धडक देण्याचं प्रमाण पेट्रोल-डिझेल गाड्यांच्या साधारण दुप्पट निघालं, आणि शहरांत फरक आणखी मोठा. ती वर्षं आवाजाच्या सक्तीच्या आधीची आहेत. आणि धडक बसलेले सगळे काही आंधळे नव्हते. मोबाइलमध्ये मान घातलेला कॉलेजचा मुलगा, चेंडूमागे धावणारं पोर, ऐकू कमी येणारी आजी, सगळेच नकळत कानावर विसंबून असतात.

आपल्याकडे या आवाजासाठी एआयएस-173 हे मानक आहे. या मानकांच्या समितीचं कामकाज पुण्यातल्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेकडून चालतं. माझ्या घरापासून त्या संस्थेची टेकडी फार लांब नाही, त्यामुळे मला याचं उगाचच कौतुक वाटतं. सप्टेंबर 2025 मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने मसुदा अधिसूचना काढली. त्यात नव्या इलेक्ट्रिक मॉडेलसाठी 1 ऑक्टोबर 2026 पासून आणि आधीपासून विकल्या जाणाऱ्या मॉडेलसाठी 1 ऑक्टोबर 2027 पासून सक्ती सुचवली होती. म्हणजे तुमच्या कंपनीने आवाज आधीच बसवलाय, तर चांगलंच केलंय.

माझं दुखणं वेगळं आहे. तो मसुदा प्रवासी आणि मालवाहू गाड्यांपुरता होता. स्कूटर आणि तीनचाकी त्यात नव्हत्या. माझ्या रोजच्या वाटेवर बिनआवाजी कार चार, तर बिनआवाजी स्कूटर चाळीस. पार्सल पोचवणारी मुलं फुटपाथवरून, उलट बाजूनं, कोपऱ्यावरून अचानक येतात, आणि मला कळतं ते बाहीला वारा लागल्यावर. यावर कुणीतरी मनापासून काम करावं असं मला फार वाटतं.

एक गोष्ट कबूल केली पाहिजे. स्वारगेटच्या चौकात संध्याकाळी सहाला हा 50 डेसिबलचा आवाज मलाही ऐकू येत नाही. तिथे तो बुडून जातो. तिथे मी सिग्नलच्या वेळेवर आणि शेजारच्या माणसाच्या कोपरावर चालतो. पण तुमच्या सोसायटीत, जिथे शांतता आहे म्हणून लोकांना तो खुपतोय, तिथेच तो सगळ्यात जास्त कामाचा आहे.

तेव्हा मेकॅनिकला पिनेला हात लावू देऊ नका. उलट बंपरचं काम निघालं किंवा पावसात गाडी पाण्यातून काढावी लागली, तर नंतर स्पीकर चालू आहे ना, तेवढं बघून घ्या. आवाज कर्कश किंवा फाटल्यासारखा येत असेल तर स्पीकर सैल असू शकतो, सर्व्हिस सेंटरला दाखवा.

आणि शेजाऱ्यांसाठी एक करून बघा. रविवारी सकाळी तक्रार करणाऱ्या दोघा-तिघांना आवारात एका बाजूला, कट्ट्यावर किंवा खांबाला टेकून, डोळे मिटून उभं करा. घरातल्या कुणाला तरी गाडी त्यांच्या बाजूनं ताशी दहाच्या वेगानं न्यायला सांगा. आवाज ऐकू आला की त्यांनी हात वर करायचा आणि गाडी कुठल्या बाजूला आहे ते बोटानं दाखवायचं. हात वर झाला की गाडी तिथेच थांबवा आणि अंतर पावलांनी मोजा. मग तुमच्या सोसायटीतली एखादी बिनआवाजी स्कूटर घ्या आणि तसंच पुन्हा मोजा.