पटावरच्या शंका : ताण धरायचा कधी, सोडायचा कधी?

प्रश्न : रुय लोपेझ या सुरुवातीत (१. ई४ ई५, २. घोडा एफ३ घोडा सी६, ३. उंट बी५) काळ्याकडून मी तिसऱ्या चालीला डी६ करतो. पांढरा डी४ करतो आणि माझे मोहरे एकमेकांच्या पायात येतात. 'मध्य सोडू नकोस' असं शिकवल्यामुळे मी डी४चं प्यादं मारत नाही, म्हणजे समोरासमोरच्या प्याद्यांचा ताण तसाच धरतो आणि निमूट कॅसलिंग करतो. तरी ई५चं प्यादं जातंच. चुकतं कुठे?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : कॅसलिंगमध्येच चुकतं! तुमच्या आधी जॉर्ज मार्को इथेच फसला. १८९२, ड्रेस्डेन, समोर जर्मन उस्ताद टॅराश.

पट मांडा. ४. डी४ उंट डी७, ५. घोडा सी३ घोडा एफ६, ६. कॅसलिंग उंट ई७, ७. हत्ती ई१. या हत्तीने ई४ला आणखी एक राखणदार दिला आणि सगळं पालटलं. मार्कोने कॅसलिंग केलं. टॅराशने उंटाने सी६चा घोडा मारला, ई५वर प्यादी मारली, वजीरावजीरी केली आणि घोड्याने ई५ उचललं. काळा ई४ मारून प्यादं परत घेतो, तिथे दोन्हीकडचा एकेक मोहरा जातो आणि शेवटी काळ्याचा घोडा ई४वर उरतो.

इथपर्यंत मीही गेलो आहे, सांगलीच्या एका मे महिन्यातल्या स्पर्धेत. हिशेब बरोबर म्हणून चहा प्यायला उठलो. त्याच्या हत्तीने माझा घोडा मारला की माझा हत्ती डी१वर, पुढे मात, हे गणित पक्कं होतं. परत आलो तर समोरच्या शाळकरी पोराने १३. घोडा डी३ करून पेनाला टोपण लावलेलं. डी-पट्टी बंद, ई-पट्टी उघडी, माझा घोडा लटकलेला. टॅराशनेही हीच चाल केली होती. मार्कोने एफ५ वगैरे धडपड केली, पण १७व्या चालीला पांढरा उंट ई७वर बसला. एफ८चा हत्ती आणि सी५चा घोडा दोन्हींवर नजर. मार्कोने डाव सोडला.

तुमचं ई५ ज्या घोड्यावर उभं आहे, त्यालाच बी५चा उंट खाऊ शकतो. असा राखणदार कापला जाणार असेल तर ताण धरू नका. सातव्या चालीला सरळ डी४ मारा, ८. घोडा डी४ आणि मग कॅसलिंग. मध्य थोडा सुटतो, पण अडचणीच्या घरातली गर्दीही कमी होते. पांढऱ्याने सी६चा घोडा मारला तर बी-प्याद्याने मारा, हत्तीला बी-पट्टी मिळते. मग हत्ती ई८, उंट परत एफ८, आणि ई४वर नेम. दिसायला बुळं, पण मोडायला कठीण. जमेल तिथे हलक्या मोहऱ्यांची मारामारी करा.

उलट रुय लोपेझमधल्याच चिगोरिनच्या पद्धतीत (९...घोडा ए५, १०...सी५, ११...वजीर सी७; तीन टिंबं म्हणजे काळ्याची चाल) ई५ला डी६चं प्यादं आणि वजीर असे दोघे राखतात. तिथे ताण खुशाल धरा. घाई करायची तर पांढऱ्याने करावी.

डी६ सोडवत नसेल तर आधी ३...ए६ करा. ४. उंट ए४ डी६ झाल्यावर बी५ हाताशी राहतं. पांढऱ्याने ५. डी४ केलंच तर बी५ करून उंट बी३वर ढकला, डी४वर घोडे मारा आणि ई-प्याद्याने डी४ घ्या. आता वजिराने ते प्यादं उचललं की सी५. वजीर डी५वरून हत्तीवर धमकी देईल, उंट ई६. शह देईल, उंट डी७. परत डी५वर येईल तेव्हा सी४. बी३चा उंट अडकला.