सही घेताना मन कुठे असतं?

तुमची अडचण अशी: बहिणीचं नैराश्य औषधांना दाद देत नाही, डॉक्टर मेंदूत इलेक्ट्रोड बसवायचं म्हणतात. जी स्वतःच "कशातच अर्थ नाही" म्हणते, तिची संमती खरी मानायची का?

मी काही वर्षं एका रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीवर होतो, डॉक्टर नसलेला सदस्य म्हणून. आधी एक सांगतो, ईसीटी (मेंदूला विजेचे झटके), आरटीएमएस (चुंबकाने मेंदूला चालना) आणि डीबीएस (डॉक्टर म्हणतात ते, मेंदूत इलेक्ट्रोड बसवून यंत्राने वीज देणं) हे उपचार एका तागडीत तोलू नका. आरटीएमएस डोक्याबाहेरून चुंबकाने देतात. नकोसं वाटलं तर उद्यापासून जायचं नाही. ईसीटी उगाच बदनाम आहे. भूल देऊन करतात, तीव्र नैराश्यात गुणही येतो, आठवणींवर मात्र परिणाम होऊ शकतो. डीबीएस कंपवातात रुळलंय, नैराश्यात अजून प्रयोगाच्याच पायरीवर आहे. 2005 मध्ये हेलन मेबर्ग या मेंदूविकारतज्ज्ञ बाईंच्या गटाने ते नैराश्याच्या सहा रुग्णांवर केलं, चौघांना बरं वाटलं. पुढच्या मोठ्या चाचणीत मात्र सहा महिन्यांनी यंत्र चालू असलेल्यांत आणि नुसतंच बसवलेल्यांत ठळक फरक निघाला नाही.

नैराश्य आलं म्हणजे निर्णयशक्ती गेली, असं नसतं. मला धास्ती असायची ती आशेची. टेकीला आलेला माणूस धोक्याचं पान भरभर उलटतो. म्हणून मी विचारायचो, "हे फसलं तर पुढे काय?" उत्तर आलं नाही तर सही पुढच्या भेटीला.

2004 मध्ये नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी 62 वर्षांच्या एका कंपवाताच्या रुग्णाची हकिकत छापली. डीबीएस चालू असलं की शरीर मोकळं, पण उन्माद, उधळपट्टी, कर्ज. बंद केलं की डोकं ताळ्यावर, माणूस अंथरुणाला खिळलेला. डॉक्टरांनी निर्णय विचारला तो यंत्र बंद असताना. मनोरुग्णालयात राहावं लागेल हे कळत असूनही ते म्हणाले, चालू ठेवा.

मला त्यात पटलं ते विचारण्याची वेळ निवडणं. बहिणीचंही तसंच करा. तिचा त्यातल्या त्यात बरा दिवस बघून बसा आणि तिच्याच शब्दांत लिहून घ्या: स्वभाव बदलल्यासारखा वाटला तर कुणाचं ऐकायचं, "तू पूर्वीची राहिली नाहीस" म्हणणाऱ्या तुमचं, की "आत्ता कुठे मी माझ्यासारखी झाले" म्हणणाऱ्या तिचं? डॉक्टरांकडूनही लेखी घ्या, चाचणी गुंडाळली गेली तर बॅटरी कोण बदलणार, आणि यंत्र काढायचं झालं तर खर्च कुणाचा. यावर ते चाचरले, तर मी तरी घाई करणार नाही.